खेळाच्या यंत्राची जुळणी

ज्या हातानें पस्तीस वर्षें फळ्यावर राम शब्द चालवून दाखविला, त्या हातानें खेळाच्या संगणकाचे सुटे भाग कसे निवडावे या विषयावर लेख लिहावा, हें पाहून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस हंसूं येईल, येवो बापडें. विषय आम्हीं निवडलेला नाहीं, तो आपल्या पायांनीं आमच्या ओसरीवर चालून आला. आला तो आमच्याकडून एक चूक करवून गेला, आणि ती चूक चारचौघांत सांगितल्यावांचून मनाला स्वस्थता नाहीं. शिवाय ज्या घरांत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे आणि जमाखर्च वडील माणसाच्या हातीं आहे, त्या घरीं आज ना उद्यां हा प्रश्न येणारच. तेव्हां आमच्या ठेंचेचा कोणास उपयोग झाला तर होवो.

आमचें घर मालवणांत, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर. तिघां भावांचा एकत्र संसार. बागेंतल्या कलमांचा हिशेब दरसाल ज्येष्ठांत होतो आणि त्यांतून वर्षाचा एक मोठा खर्च ठरतो; एखाद्या सालीं विहिरीचा पंप, एखाद्या सालीं गडगा. सन २०२५ च्या ज्येष्ठांत पाळी कौलांची होती. परंतु आमच्या नातवानें, तो नुकताच दहावी उतरला होता, त्या बैठकींत आपला अर्ज पुढें केला. त्याला संगणक हवा होता. तोहि साधा नव्हे, खेळाचा. मधल्या भावानें स्पष्ट सांगितलें कीं, यंदां कौलें न बदललीं तर पुढें वासे बदलण्याची पाळी येईल. बैठक तेथेंच आटोपायची, पण धाकट्या भावाची मुलगी चित्रकलेचें शिक्षण घेते, ती म्हणाली, "काका, मलाहि त्रिमिति चित्रांसाठीं असेंच यंत्र लागणार आहे. खेळाला जें पुरतें तें माझ्या कामालाहि पुरतें." एका यंत्रांत दोघांचें भागतें म्हटल्यावर विरोध मावळला. मॉनिटर धरून पासष्ट हजार रुपये मंजूर झाले, त्यावर एक पैहि नाहीं. कौलें एक वर्ष पुढें गेलीं. आणि डोक्यावरच्या छपराचे पैसे खर्च करण्याचें काम, घरांत हिशेबाला आम्ही काटेकोर म्हणून, आमच्याकडे आलें.

खेळ हा शब्द ऐकतांच संस्कृत शिकलेल्या माणसाला धर्मराज आणि नळ आठवतात, त्यास आमचा इलाज नाहीं. पण नातवाचे खेळ पैसे लावण्याच्या जातीचे नव्हते. त्या जातीच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा तर त्याच वर्षीं ऑगस्टांत संसदेनें केला. त्यानें आम्हांस फोनवर 'राजी' नांवाच्या खेळाचीं चित्रें दाखविलीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें तो २०२० सालीं प्रसिद्ध केला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाला सोडविण्यास निघालेल्या मुलीची ती कथा, आणि ती कथा सांगणारे कोण, तर दुर्गा आणि विष्णु! आतां निवेदनाला साक्षात् विष्णु असतांना आम्हीं कोणत्या तोंडानें नाहीं म्हणावें? बाकीच्या खेळांत काय आहे तें आम्हीं फारसें विचारलें नाहीं.

असा संगणक तयार मिळत नाहीं असें नाहीं. परंतु तयार यंत्रांत विकणारा आपल्या सोयीनें कोठें सढळ तर कोठें आंखडता हात वापरतो, आणि आंखडता हात बहुधा जेथें गिऱ्हाइकाची दृष्टि पोंचत नाहीं तेथें. म्हणून बेताच्या पैशांत खेळाचें यंत्र करूं पाहणारे लोक भाग सुटे घेऊन जोडतात. प्रोसेसर, तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्या, माहिती सांठविणारी एसएसडी, चित्र उठविणारें ग्राफिक्स कार्ड, सर्वांस वीज वांटणारा पॉवर सप्लाय, या मंडळीचें घर म्हणजे कॅबिनेट, आणि मॉनिटर. एवढा हा गोतावळा. मुंबईंत याची जुनी पेठ म्हणजे लॅमिंग्टन रोड. रस्त्याचें नांव डॉ. भडकमकरांच्या नांवें बदललें, तरी लोकांच्या तोंडीं जुनेंच आहे. आमचा पुतण्या डोंबिवलीस असतो. ग्रँट रोड स्टेशनाला उतरून भाव काढून आणण्याचें काम त्यानें पतकरलें.

नातवानें यादी केली तिच्यांत सर्वांत वर मॉनिटर होता. घर बांधायला निघालेल्यानें आरशापासून आरंभ करावा असें आम्हांस वाटलें. पण हिशेब मांडल्यावर पोर बरोबर निघालें. साध्या १०८० दर्जाच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, गुणाकार २०,७३,६००. सेकंदाला साठ चित्रें धरलीं तर ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदास बारा कोटी चव्वेचाळीस लक्षांवर ठिपके रंगवावे लागतात. तोच पडदा ४के जातीचा घेतला कीं ठिपके ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट, आणि कार्डाचें ओझेंहि त्याच मानानें वाढलें. तेव्हां पडदा ठरला कीं कार्ड ठरतें. कार्ड ठरलें कीं त्याला काम पुरवीत राहील असा प्रोसेसर ठरतो. भारी कार्डाला दुबळा प्रोसेसर दिला तर कार्ड बसून राहतें. बंदरावर होडीला इंजिन बसवितांना आधीं होडी पाहतात, तसाच प्रकार. नातवानें १०८० चा पडदा, आरएक्स ६६०० हें आठ जीबीचें कार्ड आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर असा मेळ घातला होता. कार्ड २०२१ सालचें, प्रोसेसर २०२२ सालचा. याहून नवें बाजारांत पुष्कळ होतें. परंतु नव्या एएम५ जातीच्या बोर्डाला डीडीआर५ चीच रॅम लागते, आणि बोर्ड व रॅम दोन्ही महाग पडून कार्डाला पैसे उरत नाहींत. एक पिढी मागें राहून पूर्ण यंत्र घ्यावें कीं एक पिढी पुढें जाऊन अपुरें, या प्रश्नावर सोळा वर्षांच्या मुलानें पहिला पक्ष घेतला, याचें आम्हांस मनांतून कौतुक वाटलें. तोंडानें आम्ही कांहीं बोललों नाहीं, हें आतां बरें केलें असें वाटत नाहीं.

पुढचे चार दिवस आमच्या ओसरीवर ही यादी आणि तिच्यावरील चर्चा चालली. ऐकतां ऐकतां आमच्या लक्षांत आलें कीं, हा विषय आम्हांस सर्वथा परका नाहीं. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत वाक्याचा अर्थ कळण्यास तीन गोष्टी लागतात असें सांगितलें आहे: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे शब्द नुसते ओळीनें म्हटले तर वाक्य होत नाहीं, कारण एकाला दुसऱ्याची आकांक्षा नाहीं. विस्तवानें शिंपावें असें म्हटलें तर आकांक्षा आहे, पण विस्तवाच्या ठायीं शिंपण्याची योग्यता नाहीं. आणि एक शब्द सकाळीं, दुसरा दुपारीं उच्चारला तर सन्निधि नाहीं. यंत्राचेंहि अगदीं असेंच आहे. कित्येक प्रोसेसरांत चित्र उठविण्याची सोय मुळांतच नसते. आमचा ५६०० त्यांतलाच. त्याला कार्डाची आकांक्षा आहे. कार्ड पुढें सवडीनें घेऊं म्हणणाऱ्याच्या पडद्यावर तोंवर कांहींच उमटणार नाहीं. सन्निधीचें म्हणाल तर भाग एक आज आणि एक सहा महिन्यांनीं घेणाऱ्याची फसगत ठरलेली. पहिल्या भागांत दोष होता हें कळेपर्यंत तो परत देण्याची मुदत उलटून गेलेली असते. म्हणून सर्व भाग आठवडा-पंधरवड्याच्या आंत घ्यावे आणि आल्याबरोबर जोडून पाहावे.

खरी मेख योग्यतेची. येथें डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाहीं. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही जातींच्या रॅमच्या पट्ट्यांना २८८ टोकें असतात, लांबीहि तीच. फरक खांचेच्या जागेचा आणि विजेच्या दाबाचा, पण एकीच्या जागीं दुसरी बसणार नाहीं. एम.टू नांवाच्या एकाच फटींत दोन जातींच्या एसएसडी बसतात, एक साटाची व एक एनव्हीएमईची. फट तीच, पण कांहीं बोर्डांवर एकच जात चालते. इंटेलच्या ११५१ टोकांच्या सॉकेटाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरांचें सॉकेट नांवानें आणि टोकांच्या संख्येनें पूर्वीचेंच होतें. तरी ते जुन्या बोर्डांवर चालेनात, त्यांना नव्या जातीचा बोर्डच लागला. सवर्ण, सगोत्र, दिसण्यांत जुळीं भावंडें, आणि तरी जुळणी नाहीं!

हें सर्व आम्ही मोठ्या उत्साहानें समजावून सांगत असतां माजघरांतून प्रश्न आला, "अहो, म्हणजे पत्रिकाच जुळवायच्या ना?" आम्हीं उत्तर केलें कीं, पत्रिकेंत छत्तीसांपैकीं अठरा गुण जुळले तरी लग्न लागतें आणि संसारहि होतो, येथें पस्तीस जुळून छत्तिसावा राहिला तर पडद्यावर काळोख. हें वाक्य आमच्या तोंडून फार झोंकांत गेलें. तें पुढें आम्हांसच भोंवलें.

आमच्या किनाऱ्यावरच्या घरांना आणखी कांहीं गोष्टी पाहाव्या लागतात. त्या मुंबई-पुण्याच्या सल्लागारांच्या ध्यानांत येत नाहींत. पहिली विजेची. पॉवर सप्लाय हा भाग कॅबिनेटाच्या तळाशीं दडलेला, त्याला ना दिवे ना डौल. म्हणून काटकसर करणाऱ्याची कात्री प्रथम त्यावरच चालते. समोर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ सालीं त्याचें काम सुरू झालें तेव्हां पायांत शिसें ओतलें होतें, हें मालवणांतलें लहान पोरहि सांगतें. तट दिसतो, शिसें दिसत नाहीं. आमच्या यंत्राचा हिशेब असा: प्रोसेसर कागदावर ६५ वॅट, कार्ड १३२ वॅट, बाकीचे बोर्ड, पंखे, एसएसडी मिळून साठ धरा, म्हणजे अडीचशेंच्या वर थोडें. तरी नातवानें ५५० वॅटचा, नांवाजलेल्या कंपनीचा मागितला, आणि त्याचें कारण पटण्याजोगें होतें. कार्डाची भूक एका क्षणांत उसळते. शिवाय अर्ध्या भारावर चालणारा पॉवर सप्लाय थंड राहतो आणि पुढें मोठें कार्ड घेतलें तरी पुरतो. बेनांवाच्या स्वस्त डब्यावर ४५० वॅट छापलेलें असतें खरें, पण छापणें आणि देणें यांत अंतर आहे. तसला डबा जळतांना शेजारच्यांनाहि घेऊन जातो. मे २०२१ च्या तौक्ते वादळांत आमच्याकडे खांब आणि तारा कशा लोळल्या हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना यूपीएस कशाला हवा हें सांगावें लागत नाहीं. आणि अर्थिंग! आमची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यांत ती कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी न घातल्यास तें नांवापुरतेंच उरतें. वायरमननें तपासल्यावर आमच्या माडीवरच्या खोलींत तें जवळजवळ नव्हतेंच असें निघालें. तें नीट करून घेतलें. तो खर्च घरदुरुस्तीच्या खात्यावर घातला, एवढी सवलत आम्हीं मुलांस दिली.

दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. समुद्राकडच्या खिडकींत ठेवलेल्या कुलपाची जी दशा दोन पावसाळ्यांत होते, तीच या यंत्राच्या टोकांची होणार. म्हणून यंत्र आंतल्या भिंतीशीं, जमिनीपासून वर, आणि पावसाळ्यांत रोज थोडा वेळ तरी चालू. चाललें म्हणजे आपल्या ऊबेनें कोरडें राहतें. नातवाला पुढें कांच आणि आंत रंगीबेरंगी दिवे असलेलें कॅबिनेट हवें होतें. कांचेंतून वारा जात नाहीं, आणि आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे काय तें सर्वांस ठाऊक आहे. अखेर पुढें जाळी असलेलें घेतलें. जाळीच्या आंत धूळ अडविणारें कापड असतें. तें पालींनाहि अडवितें, हा आमचा शोध. कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या पंख्याची उंची कॅबिनेटांत मावते कीं नाहीं हें मिलिमीटरांत पाहून घेतलें. येथवर सर्व ठीक चाललें होतें.

आतां आमची चूक. यादीचा आंकडा अडुसष्ट हजारांवर जात होता. तीन हजार कोठून तरी कापणें भाग होतें, आणि कापण्याचें काम आमचें. आम्हीं आमची तांबडी पेन्सिल घेतली. बोर्डापुढें नातवानें बी५५० असें लिहिलें होतें, किंमत ८,७०० रुपये. तेवढ्यांत आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे वापरलेला बी४५० जातीचा बोर्ड ४,५०० रुपयांस असल्याचें कळलें. सॉकेट तेंच, एएम४. रॅम तीच, डीडीआर४. आकार कॅबिनेटांत बसणारा. आम्हीं तिन्ही गोष्टी स्वतः पडताळून पाहिल्या आणि नातवाच्या ओळीवर रेघ ओढली. तो म्हणाला, "आजोबा, बोर्ड जुना घेऊं नये असें वाटतं." आम्हीं विचारलें, "सॉकेट जुळतं कीं नाहीं?" "जुळतं, पण..." आम्हीं म्हटलें, "जुळतं ना? मग पण कशाला? नव्या चकाकीसाठीं चार हजार दोनशें रुपये ही चैन आहे." तो गप्प बसला. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यावर मुलांना गप्प बसविण्याची कला अंगवळणीं पडते, तिचा आम्हीं येथें उपयोग केला.

बाकीचे भाग पुतण्यानें लॅमिंग्टन रोडवर घेतले आणि स्वतःबरोबर कोंकणकन्येनें कुडाळास आणले. आषाढांतल्या एका रविवारीं, बाहेर पाऊस कोसळत असतां, माडीवर जुळणी झाली. काम पाहण्यासारखें होतें. प्रोसेसरच्या पोटाला केसासारखीं शेंकडों टोकें. कोपऱ्यांतला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशीं जुळवून तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाहीं. त्यावर उष्णता वाहून नेणारा लेप वाटाण्याएवढा. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारीं शेजारीं न लावतां दुसऱ्या व चौथ्या खांचेंत, म्हणजे दोन वाटांनीं ये-जा होते. तीन तासांनीं कळ दाबली. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा तो काळाच.

प्रथम संशय तारेवर. मॉनिटरची तार कार्डाला न लावतां बोर्डाला लावण्याची चूक पुष्कळ जण करतात. आम्हीं केली नव्हती. नवी तार आणविली, तीच गत. पट्ट्या काढून घातल्या, एक एक करून पाहिल्या. कार्ड काढून पुन्हां बसविलें. असे आठ दिवस गेले. मधला भाऊ जेवतांना वर कौलांकडे पाही आणि कांहीं बोलत नसे. आमच्या मनांत मात्र एक दुष्ट विचार आला, तो येथें लपवीत नाहीं: पोरानें बसवितांना प्रोसेसरचीं टोकें वांकविलीं असावीं. तसें आम्ही त्याला अर्धवट बोललोंहि. त्यानें तिसऱ्यांदा प्रोसेसर बाहेर काढून भिंग लावून आम्हांस सर्व टोकें सरळ असल्याचें दाखविलें. त्याचे डोळे भरले होते.

छडा लावला तो पुतणीनें. ती बोर्ड करणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील कोष्टक काढून बसली. प्रत्येक बोर्डाच्या अंगीं बायोस नांवाचा एक मजकूर कोरलेला असतो. वीज आल्याबरोबर बोर्ड प्रथम तो वाचतो आणि आपल्यावर कोण बसलें आहे हें त्यावरून ओळखतो. बी४५० जातीचे बोर्ड २०१८ सालीं आले. ५००० या मालिकेचे प्रोसेसर २०२० च्या नोव्हेंबरांत बाजारांत उतरले, आणि आमचा तर त्याहि मागाहूनचा. जो बोर्ड आपला बायोस सुधारून न घेतां पडून राहिला, त्याला पुढच्या पिढीचा प्रोसेसर ओळखतां येत नाहीं. कोष्टकांत कोणत्या प्रोसेसरला कोणत्या आवृत्तीपासून आधार, हें स्पष्ट छापलेलें होतें. आमच्या बोर्डावरच्या बारीक चिकटपट्टीवर त्याहून बरीच जुनी आवृत्ति होती. सॉकेट जुळलें होतें, ओळख पटली नव्हती. छत्तिसावा गुण तो हा.

पुतणीनें नातवाची मूळ यादी मागितली, म्हणून आम्हीं ती हिशेबाच्या वहींतून काढली. बी५५० च्या ओळीखालीं बारीक अक्षरांत त्यानें लिहिलें होतें: जुना बोर्ड घेतल्यास बायोसची आवृत्ति आधीं पाहणें. आमची तांबडी रेघ बरोबर त्या वाक्यावरून गेली होती. प्रश्न दोनदां वाचल्याशिवाय उत्तर लिहूं नका, असें आम्हीं किती वर्गांना किती वेळां बजावलें असेल त्याची गणति नाहीं. पुतणी कांहीं बोलली नाहीं. नातूहि बोलला नाहीं. यादी आमच्या हातांत होती, आणि आम्हीं तिच्याकडे जरा अधिक वेळ पाहिलें. नंतर नातवाला म्हटलें, "टोकांविषयीं आम्ही बोललों तें चुकलों." तो म्हणाला, "असूं दे आजोबा, बायोस नीट करतां येतो."

कांहीं बोर्डांवर प्रोसेसरशिवायहि बायोस बदलण्याची सोय असते, आमच्यावर ती नव्हती. त्याला एखादा जुना, बोर्डाच्या ओळखीचा प्रोसेसर बसवून मगच नवा मजकूर चढवितां येतो. कुडाळास असें काम करणारा एक तरुण आहे असें कळलें. पावसांत एवढें यंत्र घेऊन एसटीनें जाणें शक्य नव्हतें, म्हणून गाडी केली. त्या तरुणानें सर्व ऐकून घेतलें, बोर्ड उजेडाला धरला आणि म्हणाला, "गुरुजीनू, बोर्ड बरो आसा, प्रोसेसरय बरो आसा. दोघांची वळख नाय, इतक्याच. वळख करून दिली काय चलतला." तर्कसंग्रहावर आमचें जें व्याख्यान झालें होतें त्यापेक्षां हें पुष्कळ थोडक्यांत होतें.

त्यानें आपल्याकडचा जुना प्रोसेसर बसविला, पेनड्राइव्हवरून नवा मजकूर चढवायला घेतला, आणि मग आम्हांस सांगितलें कीं मध्येंच वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊं शकतो. दुकानांतलीं सर्व यंत्रें इन्व्हर्टरवर होतीं, तरी तीं पांच-सात मिनिटें आम्हांस फार लांब गेलीं. पडद्यावर आंकडा चढत होता. चाळीस टक्क्यांवर असतां बाहेर गडगडाट झाला आणि रस्त्यावरचे दिवे गेले. दुकानांतला दिवा एकदां मिणमिणला आणि सांवरला. नातवानें आमचा हात धरला कीं आम्हीं त्याचा, हें सांगतां येणार नाहीं. शंभर झाले, यंत्र बंद होऊन आपोआप पुन्हां सुरू झालें. मग आमचा प्रोसेसर बसविला. आणि पडद्यावर त्याचें नांव, रायझन ५ ५६००, स्वच्छ अक्षरांत उमटलें.

जुन्या बोर्डावर कार्डाची वाट तिसऱ्या पिढीची आहे, चौथ्या पिढीची नाहीं. त्यामुळें कार्डाचा वेग कांहींसा मागें राहतो, तो राहतोच. नव्या बोर्डावर तीन वर्षांची हमी मिळाली असती, तीहि नाहीं. उलट एका बाबतींत दैव अनुकूल होतें: त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले कीं, आमच्या दोन पट्ट्या तेव्हां घ्यावयाच्या असत्या तर पासष्ट हजारांचें गणित मुळांतच मोडलें असतें. यंत्र आतां व्यवस्थित चालतें. दिवसा पुतणीचीं चित्रें, रात्रीं जेवणानंतर दीड तास नातवाचा खेळ, आणि एकादशीला 'राजी' पाहण्यास माजघरांतील मंडळी माडीवर येतात.

घरांतून विचारणा झाली कीं, बोर्डांत वांचलेल्या पैशांचें काय झालें. वही उघडून दाखविली. बोर्डांतील बचत ४,२००. वजा: गाडीभाडें १,६००, कुडाळचें काम ५००, विनाकारण घेतलेली तार ३५०, त्या दिवसाचें खाणें २८०. शिल्लक १,४७०. श्रावणांतल्या पहिल्या मोठ्या सरीला माडीवरच्या कौलांतून थेंब पडूं लागले, ते यंत्राच्या टेबलापासून हातभर अंतरावर. मधल्या भावानें आणि नातवानें मिळून टेबल आंतल्या भिंतीकडे सरकविलें, खालीं घमेलें ठेवलें. ते १,४७० रुपये आम्हीं कौलांच्या खात्यावर जमा केले आहेत.